शेवंती आणि बंद खोलीचा नियम

वसुधाताई,

समीर म्हणाला, आईबद्दल चार शब्द लिहून द्या. तुमच्या शाळेतल्या बायकांकडून, जुन्या विद्यार्थ्यांकडून तो मजकूर गोळा करतोय. जन्म कुठला, पालमच्या शाळेत नोकरी किती वर्षं केली, मुलांसाठी काय काय केलं, ते सगळं ती मंडळी लिहितील. मला त्यातलं फारसं ठाऊक नाही. तुमची माझी ओळख दवाखान्यातली, आणि खरं सांगायचं तर भांडणातली. ते भांडण अर्धवट राहिलंय. ते तिसऱ्याला सांगून काय करू? म्हणून तुमच्याबद्दल लिहायच्या ऐवजी तुम्हालाच लिहायला बसलेय.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन बसलात तेव्हा सरांना जाऊन वर्ष होत आलं होतं. सर म्हणजे तुमचे मिस्टर. पक्षाघातानंतर ते आमच्याकडे व्यायामाला यायचे, तेवढ्यापुरती मी तुम्हाला चेहऱ्यानं ओळखत होते. तुम्ही सांगितलंत, दवाखान्यात सरांचा उजवा हात काही केल्या उघडत नव्हता, पण घरी तुमची कुत्री शेवंती जवळ येऊन बसली की ते तिच्या पाठीवर तोच हात ठेवायचे आणि बोटं हळूहळू सुटायची. आता सर नाहीत, पण शेवंती आहे. तिला वॉर्डात आणू द्या. मोठ्या डॉक्टरांना तुम्ही आधीच भेटून आला होता. ते म्हणाले होते, सिस्टर हो म्हणाल्या तर माझी ना नाही. म्हणजे नाही म्हणायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

मी इन्चार्ज सिस्टर. वॉर्डात कुणाची जखम चिघळली, कुणाला इथं आल्यावर नवीन ताप चढला, तर पहिला जाब मला विचारला जातो. मी म्हणाले, "ताई, खाली इंजेक्शनच्या खोलीपुढं जाऊन बघा. कुत्रं चावलेली माणसं बसलीत तिथं, पायाला फडकी बांधून. त्यांच्यासमोरून मी कुत्रं वर नेऊ?"

तुम्ही म्हणालात, "मागचं दार नाही का?"

मी म्हणाले, आहे. आणि तिथंच माझी पहिली हार झाली.

शेवंती गावठी होती. पालमच्या शाळेच्या आवारात सापडलेली, शेवंतीच्या फुलासारखी पिवळट, एका कानाचा शेंडा फाटलेला. कुठल्या जातीची, असं कुणी विचारलं की तुम्ही "पालमची" म्हणून सांगायचात. मी तिला नाही म्हणण्यासाठी कारणं शोधत होते आणि तुम्ही एकेक कारण निकालात काढत होता. लस? दिलीय. जंतांचं औषध? दिलंय. कच्चं मांस? दूधभाकरी आणि अंडं खाते. मग मी जनावरांच्या डॉक्टरांकडून तिला तपासून आणायला सांगितलं, तर तुम्ही त्यांनाच दवाखान्यात घेऊन आलात. एकदा वाटलं, या बाईंनी शाळेत साहेब लोकांना काय सळो की पळो करून सोडलं असेल!

पण मी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं तेव्हा तुम्ही थोड्या घाबरला होता. रिकाम्या व्हरांड्यात मी तिला उभं केलं. कुबडीवाला माणूस शेजारून नेला, चाकाची खुर्ची नेली. तोवर ठीक होतं. मग आमच्या शकुंतलाबाई, वॉर्डातल्या आया, त्यांनी मागून स्टीलचा ट्रे आपटला. शेवंती उडाली ती थेट तुमच्या साडीच्या निऱ्यांमागं जाऊन बसली, बाहेर यायला तयार होईना.

"नापास," मी म्हणाले.

"फेरपरीक्षा असते की नाही तुमच्यात?" तुम्ही विचारलंत.

त्यानंतर महिना दीड महिना तुमच्या गल्लीत ताटं आपटण्याचा आवाज येत होता म्हणे. शेजारच्यांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. फेरपरीक्षेत ट्रे आपटला तेव्हा शेवंतीनं फक्त मान वळवून शकुंतलाबाईंकडं बघितलं. शकुंतलाबाईच म्हणाल्या, "आता हिला काय करायचं राह्यलंय वो सिस्टर? येऊ द्या की."

तर असे नियम ठरले. आठवड्यातून एकदाच यायचं, दुपारची जेवणं आटोपल्यावर. आदल्या दिवशी आंघोळ, नखं कापलेली. मागच्या दारानं यायचं. पट्टा आखूड, आणि तो कायम तुमच्याच हातात. ज्याला भेटायचंय त्याला आधी विचारायचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाटांनाही विचारायचं. शेवंती टेकणार तिथं धुतलेली चादर अंथरायची, आणि ती दुसऱ्या खाटेला वापरायची नाही. सलाईन लावलेल्या हाताच्या बाजूनं जायचं नाही. उघडी जखम असेल तर लांबूनच. चाटू द्यायचं नाही. हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुवायचे, पेशंटनं आणि नातेवाइकांनीही. अतिदक्षता विभाग आणि बंद खोली वर्ज्य. बंद खोली म्हणजे ज्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी औषधांमुळं उतरलेल्या असतात त्यांची. साध्या सर्दीनंही त्यांच्या जिवावर बेततं, म्हणून आम्ही माणसंसुद्धा तिथं मोजकीच सोडतो.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आता माझे नियम ऐका." मी चकित झाले. शेवंतीनं जांभई दिली किंवा जिभेनं ओठ चाटले की तिला पुरे झालं, लगेच निघायचं. कुणी फोटो काढायला थांबवलं तरी निघायचं. कुणी तिचा कान ओढला तर तुम्ही स्पष्ट बोलणार, पेशंट असला तरी. "तुमचे पेशंट तुम्ही सांभाळा. माझा पेशंट ही आहे." मला ते आवडलं होतं. तोंडावर कबूल केलं नाही, एवढंच.

सुरुवातीच्या दिवसांतले येलदरीचे नामदेवमामा आठवतात? धरणात मासेमारी करायचे. डावी बाजू लुळी पडली होती आणि व्यायाम म्हटलं की भिंतीकडं तोंड फिरवायचे. सूनबाई रडकुंडीला आली होती. तुम्ही शेवंतीला घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसलात आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. शेवटी मामाच बोलले.

"हिला मासळी देता का न्हाई?"

"नाही हो, आमच्या घरात चालत नाही."

"मंग हिचे केस असे राठ का न होतील? बघा की, काथ्यावानी झालेत."

तुम्ही पिशवीतून ब्रश काढून त्यांच्या डाव्या हातात दिलात. पडला. परत दिलात. त्या दुपारी मामांनी पाठीवरून फार तर दोनदा नीट ब्रश फिरवला असेल. तेवढंच. पण पुढच्या आठवड्यात ते उठून बसलेले होते आणि सूनबाईंना विचारत होते, "ती पालमवाली कवा यायलीय?"

आणि बायकांच्या वॉर्डातल्या खालाजान. त्यांना विचारल्यावर त्या संकोचून म्हणाल्या, बघायला आवडतं, पण लाळ लागली तर नमाजची अडचण होते. तुम्ही म्हणालात, मग ती तुमच्याकडं पाठ करून बसेल, तुम्ही तिथूनच बघा. त्यानंतर त्यांच्या आणि शेवंतीच्या मध्ये कायम एक रिकामी खुर्ची असायची. त्या घरी गेल्या त्या आठवड्यात पावसामुळं तुम्हाला येता आलं नाही, तर मला विचारत होत्या, "वो छोकरी आज नै आई क्या?"

सगळं असंच गोड चाललं असतं तर मी हे लिहीत बसले नसते.

एका आजींना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. कातडी कागदासारखी झालेली. शेवंतीचा पंजा त्यांनी प्रेमानं आपल्याकडं ओढला आणि नख हाताला घासलं. एवढासा ओरखडा, पण रक्त थांबेना. त्यांची मुलगी ओरडत बाहेर पळाली, "कुत्र्यानं ओरबाडलं, माझ्या आईला कुत्र्यानं ओरबाडलं!" खालच्या इंजेक्शनच्या रांगेपर्यंत तो आवाज गेला. मी जखम साबणानं धुतली, दाबून धरली, डॉक्टरांना बोलावलं, पुढचं इंजेक्शन वगैरे त्यांनी ठरवलं. आजींना पुढं काही झालं नाही. पण त्याच दिवशी मी तुम्हाला म्हणाले, आता येऊ नका.

"शेवंतीनं काही केलं नाही. आजींनीच ओढलं."

"रक्त आजींचं आलंय ना, ताई?"

"नखं मी स्वतः कापली होती."

"कापली होती, घासली नव्हती. कडा बघा, धारदार आहेत."

"तुम्हाला निमित्तच पाहिजे होतं," तुम्ही म्हणालात, आणि शेवंतीला घेऊन मागच्या दारानं गेलात. माझे फोन उचलले नाहीत. बहिणीकडं पालमला निघून गेलात, असं शकुंतलाबाईंकडून कळलं. मी मात्र रोज वॉर्डात त्याच प्रश्नाला उत्तर देत होते, की पिवळी कुत्री का येत नाही.

परत आलात ते कानस घेऊनच. माझ्या टेबलावर ठेवलीत. "घासून आणलीत. हात लावून बघा." मी शेवंतीचा पंजा हातात घेऊन एकेक नख बोटानं चाचपलं. त्या दिवसापर्यंत मी तिला हात लावला नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मग आपण नियमात भर घातली, रक्त पातळ करायची गोळी असेल तर पंजा हातात द्यायचा नाही. माझं बरोबर होतं असं तुम्ही म्हणाला नाहीत, माझं चुकलं असं मीही म्हणाले नाही. चहा घेतला आणि वॉर्डात गेलो. आपला समेट असाच व्हायचा.

पण रेखाच्या बाबतीत समेट झाला नाही.

रेखा बोरीची. माझंही माहेर बोरी, म्हणून मी तिला तिच्या लहानपणापासून बघत आलेले. शिवणकाम करायची. लग्नसराईत तिच्याकडं ब्लाऊज टाकायला बायकांची रीघ लागायची. रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिल्या खेपेला ती साध्या वॉर्डात होती तेव्हाच तिची आणि शेवंतीची गट्टी जमली. टेपनं शेवंतीच्या गळ्याचं माप घेऊन तिनं तिला हिरव्या कापडाचा पट्टा शिवून दिला होता. दुसऱ्या खेपेला आली ती बंद खोलीत. पेशी पार उतरलेल्या. तिनं एकच मागितलं, शेवंतीला आणा.

मी नाही म्हणाले.

तुम्ही शेवंतीला घेऊन मागच्या अंगणात खिडकीबाहेर उभ्या राहिलात. ते चालण्यासारखं होतं, काच बंद होती. मी आत रेखाजवळ होते, तोंडाला मास्क लावून. तिनं बाहेर बघितलं, हात हलवला, आणि मग मला म्हणाली, "मावशी, काचंतून तर मला समदंच दिसायलंय. झाडं दिसायलीत, माणसं दिसायलीत. हात लावायला एक तरी द्या ना."

तिचं ते बोलणं मी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं. सांगायला नको होतं की काय कोण जाणे, पण तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं. तुम्ही तिथंच अंगणात म्हणालात, "एकदा. फक्त एकदा. डेटॉलच्या पाण्यानं आंघोळ घालते हिला."

"आंघोळीनं तोंडातले जंतू जात नाहीत. नखांतले जात नाहीत. तिला आता कशाशीच लढता येत नाही, ताई."

"आणि आत नुसतं पडून ती कशाशी लढायलीय?"

"ती बरी व्हायची शक्यता आहे. म्हणून नाही म्हणायलेय मी."

पुढं तिला मोठ्या दवाखान्यात संभाजीनगरला हलवलं. तिथून ती परत आली नाही. बोरीला तिच्या मातीला जाऊन आल्यावर मी कामावर आले, तर तुम्ही माझ्या टेबलासमोर बसलेल्या. शेवंतीला आणलं नव्हतं. तुम्ही रागावला नव्हता, तेच मला जड गेलं. एवढंच म्हणालात, "कशापायी जपलं हो तिला आपण?"

"जगावी म्हणून."

त्या दिवसानंतर तो विषय काही गेला नाही. व्हरांड्यात, चहाच्या वेळी, कुठूनही सुरू झालं तरी आपण रेखाच्या खोलीपाशी येऊन थांबायचो. त्यातूनच तो नवा नियम झाला. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ज्यांचे बरे होण्याचे उपचार आता थांबवलेत, फक्त त्रास कमी करण्याची औषधं चालू आहेत, त्यांना कशापासून जपायचं? ते म्हणाले, त्यांची इच्छा असेल तर त्यांना कुत्रं भेटू द्यायला हरकत नाही, बंद खोलीतसुद्धा. "पेशंटला स्वतःला विचारून" हे शब्द त्यात तुम्ही घालायला लावलेत. नातेवाइकांना विचारून नव्हे. शाळेतल्या बाईंसारखं मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं होतंत.

म्हणजे तो नियम तुम्हाला माझ्याइतकाच पाठ होता.

तुमच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग पायांवर निळे डाग. तुम्ही मला दाखवलेत तेव्हा मी चेहरा सरळ ठेवला, पण तिथल्या तिथं रक्त तपासायला घेतलं, त्यावरून तुम्ही ओळखलंत. नंतरचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. रक्ताचा कॅन्सर, रेखाचाच. समीर पुण्याहून आला. उपचार सुरू झाले, आणि मी रोज ज्या खोलीचं दार लावून घेते त्याच खोलीत तुम्हाला न्यावं लागलं. शेवंती शेजारच्या घरी होती.

मी वाट बघत होते. रोज आत येताना वाटायचं, आज मागतील. काय उत्तर द्यायचं ते मी ठरवूनही ठेवलं होतं. नाहीच म्हणणार होते. तुम्ही मागितलंच नाही. सलाईन बदलताना तुम्ही पावसाचं विचारलंत, शकुंतलाबाईंच्या गुडघ्यांचं विचारलंत, शेवंती जेवते का विचारलंत. आणा, असं एकदाही म्हणाला नाहीत. ते माझ्यासाठी होतं, की रेखासाठी, की तुमचा हट्टच होता, हे मला अजून कळलेलं नाही.

मग औषधं लागू पडत नाहीत हे स्पष्ट झालं. डॉक्टरांनी समीरला आपल्या खोलीत बोलावून सांगितलं, मी तिथंच होते. आता त्रास होणार नाही एवढंच बघू, ते म्हणाले. समीरनं पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? "आईला सांगू नका." मुलं असंच म्हणतात, मी शंभरदा ऐकलंय. पण तुम्हाला सांगू नका, हे मला पटेना. तुम्ही तर पेशंटलाच विचारायला लावणारी बाई.

दुसऱ्या दिवशी मी समीरला व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "नियमाप्रमाणं आता शेवंती आत येऊ शकते. मी ताईंना विचारणार आहे."

तो हुशार आहे, त्याला लगेच उमगलं. "सिस्टर, तुम्ही विचारलंत की तिला कळेल."

"हो."

"मग नका विचारू. शेवंतीला नकाच आणू."

"पेशंटला स्वतःला विचारून, असं आहे. ते तुमच्या आईनंच घातलंय."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. मला त्याची दया आली, ताई. एवढा मोठा माणूस, कंपनीत दहा जण हाताखाली, आणि आईच्या दारापर्यंत जायचं धाडस होईना. शेवटी म्हणाला, "माझ्यानं नाही होणार. तुम्ही विचारा. मी इथंच थांबतो."

मी आत आले. तुमची उशी सारखी केली, पाणी दिलं. मग म्हणाले, "ताई, शेवंतीला आणू का?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "इथं? या खोलीत?"

"हो."

"पांढऱ्या पेशी वाढल्या का?"

"नाही."

तुम्ही छताकडं बघत होता आणि मी खाटेचा दांडा धरून उभी होते. रडाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "समीरला माहीत आहे?"

"आहे."

"तरीच. कालपासून माझ्याकडं बघून नुसतं हसायलाय बिचारा." मग थोडं थांबून, "आज आंघोळ घालायला सांगा तिला. म्हणजे उद्यापर्यंत चांगली वाळेल. आणि नखं नुसती कापू नका म्हणावं. घासायला लावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती मागच्या दारानं आली. पट्टा तुमच्या हातात असायचा, आता कुणी धरायचा? मीच धरला. हिरवा पट्टा होता, रेखानं शिवलेला. तुमचे केस गेलेले, अंगाला औषधांचा वास. शेवंती दारातच थबकली. नाक वर करून वास घेत राहिली. तुम्ही हाक मारली नाहीत, वाट बघितलीत. मग ती आली, सलाईन नसलेल्या बाजूनं, मी न ओढता. चादरीवर हनुवटी टेकवली. तुम्ही तिचा फाटका कान दोन बोटांत धरलात.

तिनं तुमचं मनगट चाटायला जीभ काढली आणि तुम्हीच म्हणालात, "नाही, शेवंती."

"असू द्या, ताई," मी म्हणाले.

तुम्ही केवढ्या हसलात! "कोण म्हणायलंय हे? कुणीतरी लिहून घ्या रे." हसताना खोकला आला. शेवंतीनं मनगट चाटलं. नंतर मी ते साबणानं धुतलं, तुमच्यासमोरच, आणि तुम्ही हात पुढं करून मुकाट्यानं धुवू दिलात.

थोड्या वेळानं तुम्ही दमलात. डोळे मिटून म्हणालात, "न्या आता हिला. आणि समीरला आत पाठवा. म्हणावं, आईला माहीत आहे, आता हसू नको."

मी दार लावून घेतलं. तो खूप वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा होता. म्हणाला, "तिनं मला सगळं सांगून ठेवलं. बाबांच्या वेळचंही सांगितलं, मला कधी माहीत नव्हतं." काय, ते मी विचारलं नाही. त्यानंतर जे दिवस मिळाले त्यांत तो खोटं हसला नाही आणि तुम्ही खोटं विचारलं नाही. दोघं पत्ते खेळलात. शेवंतीचंही तुम्हीच ठरवलंत. ती म्हातारी झालीय, तिची नोकरी संपली, समीरकडं पुण्याला जाईल. मी म्हणाले, माझ्याकडं राहू द्या की. तर म्हणालात, "नको. तुम्ही तिला हात धुवायला लावाल."

त्याच दिवसांतल्या एका दुपारी तुम्ही परत तिथंच आलात. "रेखाला हे मिळालं असतं तर?"

"रेखाचे उपचार चालू होते, ताई."

"चालू होते. पण एवढा धोका आहे, तरी हवंय का, असं तिला कुणी विचारलं? मला विचारलंत तसं?"

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. मी म्हणाले, येते, मग बोलू. संध्याकाळी तुम्ही गुंगीत होता. मग बोलणं झालंच नाही.

तर आता माझं उत्तर ऐका. मी आजही नाहीच म्हणेन. बरं होण्याची थोडी जरी आशा असेल तर मी तिला विचारणारही नाही, कारण त्या खोलीत पडलेलं माणूस स्पर्शासाठी काहीही कबूल करेल. तुम्ही यावर काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे. म्हणाला असता, मग ते माणूस कुणाचं, सिस्टर, तुमचं की त्याचं स्वतःचं? तरीही मी दार लावूनच घेईन. असं आहे.

या आठवड्यात एक गृहस्थ आले होते. एसटीतून निवृत्त झालेले चालक, काळं कुत्रं घेऊन. तुमचं नाव ऐकून आले. कुत्रं शांत आहे, चांगलं वाटलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आंघोळ, नखं, चादर, मागचं दार. बंद खोलीत उपचार चालू असतील तर नाही म्हणजे नाही. ते मान डोलावत होते. सांगून झाल्यावर मी थांबले.

"काही विचारायचंय का?"

"न्हाई सिस्टर. तुमी म्हणताल तसं."

वर्षभर तुमच्याशी वाद घालताना मला वाटायचं, अशीच माणसं हवीत. ते उठायला लागले तर मीच त्यांना परत बसवलं. शकुंतलाबाईंना चहा सांगितला आणि रेखाची गोष्ट सांगायला घेतली. सुरुवात तुमच्या बाजूनं केली.